उन्हाळ्यात इंजिन पुन्हा पुन्हा का तापते? चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचे निदान

ग्वाल्हेरमध्ये मे महिना लागला की लष्कर या जुन्या भागातल्या अरुंद रस्त्यांच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. दोन उन्हाळ्यांत आमची गाडी अशी चार वेळा उभी राहिली. पहिल्यांदा महाराज बाड्यावर संध्याकाळच्या गर्दीत, मग आठवड्याभरात कंपूजवळ, पुढच्या एप्रिलमध्ये मुरैना ओलांडून धौलपूरकडे जाताना आणि शेवटी उरवाई दरवाज्याकडून किल्ल्यावर जाणाऱ्या चढावर. प्रत्येक वेळी काही ना काही दुरुस्त झाले, आता पुन्हा होणार नाही असे सांगण्यात आले आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा पुन्हा लाल रेषेकडे गेला. सगळा गुंता सुटल्यावर जे कळले ते सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, मूळ दोष फक्त रेडिएटरच्या पंख्याच्या तारेतल्या एका जळक्या कनेक्टरचा होता आणि पुढच्या खोळंब्यांची मुळे त्या पहिल्या दोषावर केलेल्या चुकीच्या उपायांत होती. गाडी कोणत्या कंपनीची होती हे मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीच्या घडणीत नव्हता आणि हे निदान चार सिलिंडरच्या जवळजवळ कोणत्याही पाण्याने थंड होणाऱ्या पेट्रोल इंजिनाला लागू पडते.

इंजिनाचे आकडे आणि ग्वाल्हेरचा पारा

आपल्याकडच्या रस्त्यांवर या वर्गातली दोन इंजिने फार ओळखीची आहेत. एक म्हणजे सुझुकीचे जी-१३-बीबी, जे एस्टीम आणि जिप्सी किंगमध्ये होते: चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, सिलिंडरचा व्यास ७४ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५.५ मिलिमीटर, म्हणजे एकूण १२९८ सीसी. त्याचा वॉटर पंप बाहेरच्या पट्ट्यावर चालतो, तर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट दातेरी टायमिंग बेल्टवर. दुसरे त्यानंतरचे के-१२-एम, ज्याचा व्यास ७३ आणि धाव ७१.५ मिलिमीटर, एकूण ११९७ सीसी, आणि टायमिंगसाठी बेल्टऐवजी साखळी. दोन्हींची ब्लॉक आणि हेड ॲल्युमिनियमची आहेत आणि प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा आहे. ॲल्युमिनियमचा उल्लेख मुद्दाम केला, कारण जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाने जेवढा अतिताप सोसला असता तेवढा हे इंजिन सोसत नाही. हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, वाकते आणि मग त्याच्या व ब्लॉकच्या मधली गॅसकेट जाते.

पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागाचीच उपयोगी शक्ती बनते, साधारण तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते, आणि उरलेली मुख्यतः रेडिएटरमधल्या पाण्याने वाहून न्यावी लागते. रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल हे त्यातले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल तर हा फरक ६५ अंशांचा असतो. मात्र मे महिन्यात दुपारी हवा ४६ अंशांवर गेली की तो ४९ अंशांवर येतो. म्हणजे रेडिएटर तोच, पंखा तोच, तरीही थंड करण्याची क्षमता पाव भागाने कमी झालेली असते. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असल्यामुळे रेडिएटरपर्यंत पोहोचणारी हवा आधीच तापलेली असते. जानेवारीत लपून राहिलेला दोष मे महिन्यात उघडा पडतो तो यामुळेच. ‘उन्हाळ्यात गाड्या तापतातच’ हे वाक्य मी गॅरेजांत अनेकदा ऐकले, पण ते खरे नाही. निरोगी गाडी ४६ अंशांच्या हवेतही एसी चालू ठेवून बाड्यावरच्या गर्दीतून काटा न हलवता बाहेर पडते.

पहिला प्रश्न: काटा केव्हा चढतो?

कोणताही पाना हातात घेण्यापूर्वी गाडीच्या मालकाने एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे, आणि ते मालकच देऊ शकतो, मिस्त्री नाही. काटा गाडी उभी असताना किंवा रांगेत हळूहळू सरकताना चढतो, की मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढावर असताना चढतो?

उभ्या गाडीत काटा चढून मोकळ्या रस्त्यावर आपोआप खाली येत असेल, तर पाण्याचा प्रवाह बहुधा ठीक असून हवेचा प्रवाह कमी पडतो आहे. वेगात समोरची हवा पंख्याचे काम करते, उभ्या गाडीत सगळा भार पंख्यावर येतो. याउलट गावात काटा स्थिर राहून हमरस्त्यावर ८०-९०च्या वेगाला किंवा चढावर चढत असेल, तर हवा भरपूर असूनही पाणी उष्णता पोहोचवू शकत नाही, म्हणजे रेडिएटर आतून चोंदला आहे, थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, अर्धवट उघडतो आहे किंवा पंप नीट पाणी ढकलत नाही. काटा कुठेही, कधीही चढत असेल आणि सोबत पाणी कमी होत असेल, तर गळती, रेडिएटरचे झाकण किंवा हेड गॅसकेट यांच्याकडे पाहावे लागते.

आमच्या गाडीच्या पहिल्या दोन तक्रारी स्पष्टपणे पहिल्या प्रकारच्या होत्या आणि तिसरी दुसऱ्या प्रकारची. हे मी त्या वेळी कागदावर लिहून काढले असते, तर मधल्या काळात वेगळाच आजार जडला आहे हे तेव्हाच लक्षात आले असते.

काट्याबद्दल एक इशारा फार महत्त्वाचा आहे. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी निघून गेले आणि सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. आधी चढलेला काटा अचानक पडला आणि गाडीची ओढ कमी झाली, तर आनंद मानू नये. गाडी ताबडतोब बाजूला घेऊन बंद करावी. अनेक नव्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो आणि लाल दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. अशा गाडीत निदानाच्या काळापुरते ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे यंत्र, लावून प्रत्यक्ष अंश वाचणे चांगले.

पंखा फिरतो, म्हणजे पंखा चांगला आहे असे नाही

आमच्या पहिल्या खोळंब्याच्या वेळी गॅरेजमध्ये बॉनेट उघडले, पंखा फिरताना दिसला आणि ‘पंखा ठीक आहे’ असे म्हणून तो विषय संपवला गेला. खरी चूक तिथे झाली. पुढे खूप उशिरा एका वयस्कर मिस्त्रीजींनी मल्टिमीटर लावून पाहिले, तेव्हा इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते, पण पंख्याच्या तारांवर फक्त ९.६ व्होल्ट पोहोचत होते. मधले चार व्होल्ट कनेक्टरच्या काळ्या पडलेल्या पिनांमध्ये हरवत होते. पंखा फिरत होता, पण अशक्तपणे फिरत होता, आणि ही गोष्ट नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

यामागचा हिशेब सोपा आहे. पंख्याची मोटर दहा अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रवाह घेते. सैल झालेल्या पिनेत ०.२ ओहमचा अवरोध जरी तयार झाला, तरी दहा अँपिअरला तिथे दोन व्होल्ट वाया जातात आणि त्या इवल्याशा पिनेवर वीस वॅट उष्णता तयार होते. त्या उष्णतेने पिन आणखी सैल होते, प्लॅस्टिक पिवळे पडून वितळते आणि अवरोध आणखी वाढतो. म्हणून कनेक्टर सोडवून त्याच्या पिनांचा रंग पाहावा. तपकिरी किंवा काळी पिन दिसली तर ती घासून पुन्हा बसवू नये, कनेक्टर तारेच्या शेपटासह बदलावा. आमच्या बाबतीत हे अर्ध्या तासाचे काम निघाले.

पंखा मुळीच फिरत नसेल तर तपासणीचा क्रम असा ठेवावा. इंजिन चालू करून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत एसी लागताच पंखा सुरू होतो. तसे झाले, पण इंजिन तापल्यावर पंखा आपोआप लागत नसेल, तर मोटर चांगली असून सेन्सर किंवा त्याच्या तारेत दोष आहे. एसीनेही लागला नाही, तर फ्यूज पाहावा, आणि मग पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या जागी त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, अनेकदा हॉर्नचा, तात्पुरता बदलून पाहावा. तरीही हालचाल नसेल तर मोटरला बॅटरीवरून थेट वीज द्यावी. थेट विजेवरही ती अडखळत असेल तर आतले कार्बन ब्रश झिजले आहेत. मोटर बदलल्यानंतर एक गोष्ट अवश्य पाहावी: तारा उलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो आणि हवा मागे ओढण्याऐवजी पुढे ढकलतो. पंखा इंजिनाच्या बाजूला असलेल्या गाडीत समोरच्या जाळीवर कागद धरावा. तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे. हे काम करताना हात पात्यांपासून दूर ठेवावेत, कारण काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा सुरू होऊ शकतो.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नाही

पंखा ‘ठीक’ ठरल्यावर आमच्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकण्यात आला आणि ‘आपल्याकडे थंडी कुठे असते, याची गरजच नाही’ असे कारण देण्यात आले. ग्वाल्हेरची जानेवारीतली पहाट ज्याने पाहिली आहे त्याला हे कारण मुळातच पटू नये, पण तो मुद्दा बाजूला ठेवला तरी हा उपाय अपायकारक आहे. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी झडप असते. अनेक गाड्यांत ती ८२ किंवा ८८ अंशांना उघडू लागते आणि हा आकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो. तोवर ती पाणी इंजिनातच फिरवत ठेवते आणि इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येते. ती काढल्यावर हिवाळ्यात इंजिन पुरेसे तापतच नाही, सेन्सर ‘इंजिन अजून थंड आहे’ असे कळवत राहतो, संगणक जास्त पेट्रोल सोडतो आणि तेलात ओलावा साचून गाळ होतो. त्या हिवाळ्यात आमच्या गाडीचे मायलेज घटले, आणि आम्ही पेट्रोल पंपाला दोष देत राहिलो.

यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की, काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचाच खालचा भाग बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाता इंजिनातच गरगरत राहतो आणि तापणे कमी होण्याऐवजी वाढते.

थर्मोस्टॅटची शंका असेल तर तो घरच्या गॅसवर तपासता येतो. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने बुडता टांगावा, तळाला टेकू देऊ नये, आणि शेजारी थर्मामीटर धरावा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळीला येईपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. अर्धवट उघडणारा किंवा गार झाल्यावर पूर्ण न मिटणारा थर्मोस्टॅट फेकून द्यावा. नवा बसवताना त्याच्या चकतीवरची हवा सोडणारी लहानशी हलती पिन वरच्या बाजूला येईल हे पाहावे.

बोरिंगचे पाणी

दुसऱ्या खोळंब्यानंतर रेडिएटर रिकामा करून त्यात नळीने साधे पाणी भरले गेले, आणि ते बोरिंगचे होते. आमच्याकडच्या बोरिंगच्या पाण्याने डेझर्ट कूलरच्या गवतावर एका उन्हाळ्यात किती जाड पांढरी खपली बसते, हे ग्वाल्हेरमधल्या प्रत्येक घराला माहीत आहे. दर उन्हाळ्यात आपण ते गवत बदलतो, पण तेच पाणी रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत घालताना विचार करत नाही. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार इंजिनाच्या सर्वांत गरम भागावर, म्हणजे हेडमधल्या पाण्याच्या वाटांवर आणि रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. हा थर उष्णता अडवतो. शिवाय साध्या पाण्यात गंजरोधक द्रव्ये नसल्यामुळे ॲल्युमिनियम झिजते, पंपाची पाती आणि सील खराब होते आणि ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या गोल टोप्या सडून त्यांतून पाणी झिरपू लागते.

रेडिएटरमध्ये पाण्यासोबत घालायचे गंजरोधक द्रव्य, म्हणजे कूलंट, हे नुसते रंगीत पाणी नव्हे. गाडीच्या पुस्तिकेने वेगळे सांगितले नसेल तर एथिलीन ग्लायकॉलचे कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे घ्यावे; तयार मिश्रणाचा डबा असेल तर त्यात पाणी मुळीच मिसळू नये. वेगवेगळ्या रंगांची किंवा जातींची कूलंट एकत्र करू नयेत, कारण काही मिश्रणांत द्रव्ये एकमेकांना निकामी करतात आणि चिकट साका तयार होतो. रस्त्यात अडचण आली तर मिळेल ते पिण्याचे पाणी घालून घर गाठायला हरकत नाही, पण नंतर ते पूर्ण काढून टाकावे लागते.

मुरैनापलीकडचा आमचा तिसरा खोळंबा या पाण्याची देणगी होती. चोंदलेला रेडिएटर ओळखण्यासाठी इंजिन पूर्ण तापल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने त्याच्या जाळीवर ठिकठिकाणी तापमान मोजावे. पाणी शिरते त्या टोकापासून निघते त्या टोकापर्यंत ते हळूहळू उतरायला हवे. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्यांतून पाणी जात नाही. आमच्या रेडिएटरचा खालचा सुमारे तिसरा हिस्सा असा गार निघाला. जुने पितळी रेडिएटर उघडून सळ्यांनी साफ करता येत असत, पण आताच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात आणि त्या उघडून पुन्हा बसवणे सहसा टिकत नाही. चोंदलेला असा रेडिएटर बदलणेच शहाणपणाचे. त्याआधी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचलेली धूळ, किडे आणि कापसासारखे तंतू मात्र मागच्या बाजूने हलक्या पाण्याच्या धारेने काढून पाहावेत. कधी कधी एवढ्यानेही फरक पडतो. जोराच्या धारेने पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकतात, म्हणून वॉशिंग सेंटरची बंदूक वापरू नये.

पंपाबद्दल थोडक्यात: खालच्या छिद्रातून पाणी ठिबकत असेल, पुली हाताने हलत असेल किंवा घरघर येत असेल, तर पंप बदलावा. पट्टा बाहेर असलेल्या इंजिनात तो सैल किंवा तेलकट झाला आहे का हेही पाहावे.

झाकण आणि हरवणारे पाणी

रेडिएटरचे झाकण ही व्यवस्थेतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. त्याच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो आणि तेवढ्या बारपर्यंत ते दाब धरून ठेवते. ०.९ बार दाबाखाली साधे पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ११९ अंशांना उकळते, आणि निम्मे कूलंट असेल तर ही मर्यादा १२५ अंशांच्या पुढे जाते. रबर कडक झालेले झाकण दाब धरत नाही. मग पाणी लवकर उकळते, रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीत ढकलले जाते, बाटली भरून वाहते आणि आपल्याला वाटते की गाडी पाणी खाते. झाकणात दुसरी लहान झडपही असते, जी इंजिन गार होताना बाटलीतले पाणी परत ओढून घेते. सकाळी बाटली भरलेली पण रेडिएटर रिता असेल, किंवा वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला, तर ती झडप अडकली आहे. आकडा तोच ठेवून झाकण बदलावे. जास्त आकड्याचे झाकण लावून ‘मजबुती’ आणू नये, कारण मग जुने होज फुटतात. गरम इंजिनावर झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर येते.

बाहेर कुठेही ओल नसताना पाणी घटत असेल तर पुढच्या सीटखालचा गालिचा चाचपावा, कारण हीटरच्या जाळीची गळती तिथे उतरते. तोही कोरडा असेल तर हेड गॅसकेटची तपासणी टाळता येत नाही. रात्रभर गार झालेल्या गाडीचे झाकण काढून इंजिन चालू करावे आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते पाहावे. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात. थांबतच नाहीत ते सिलिंडरमधल्या वायूचे. गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर येणे, तेलाच्या कांडीवर दुधाळ फेस दिसणे किंवा चारपैकी एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघणे, हीही त्याचीच लक्षणे आहेत. गॅरेजमध्ये निळ्या द्रावाची चाचणी मिळत असेल तर ती करून घ्यावी. पाण्यात जळलेला वायू असल्यास तो द्राव पिवळा पडतो.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. जी-१३-बीबीसारख्या इंजिनात ते निरोगी स्थितीत सुमारे १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असते, १२च्या खाली गेले तर इंजिन थकलेले समजतात, आणि कोणत्याही दोन सिलिंडरांत एक किलोपेक्षा जास्त फरक नसावा. शेजारचे दोन सिलिंडर, उदाहरणार्थ दुसरा आणि तिसरा, दोन्ही एकदम कमी निघाले तर त्यांच्या मधली गॅसकेटची पट्टी गेलेली असते. हेड उघडले की नुसती गॅसकेट बदलून ते बंद करू देऊ नये. सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरपी ठेवून फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, वाक मोजून घ्यावा. या इंजिनाला ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. जास्त निघाला तर हेडला फेस मारून, म्हणजे मशीनवर त्याचा पृष्ठभाग सपाट करून, घ्यावा. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळले जातात की नाही हे समोर उभे राहून पाहावे. नुसत्या अंदाजाने आवळलेले हेड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकेलच असे नाही.

आमचे हेड वाचले, आणि त्याचे श्रेय किल्ल्याच्या चढावर गाडी वेळेवर थांबवण्याला आहे. तो चौथा खोळंबा चोंदलेला रेडिएटर, नसलेला थर्मोस्टॅट, दाब न धरणारे झाकण आणि अशक्त पंखा या चौघांचा एकत्रित होता. काटा चढताना दिसताच एसी बंद केला, हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात लावला, काचा उघडल्या आणि पहिल्या रुंद जागेला गाडी बाजूला घेतली. हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि उन्हात तो सोसवत नसला तरी इंजिनाला मदत करतो. वाफ येत नसेल आणि पंखा फिरत असेल तर मिनिटभर इंजिन मंद चालू ठेवणे बरे, म्हणजे पाणी फिरत राहते. वाफ दिसली किंवा पाणी सांडले असेल तर मात्र इंजिन लगेच बंद करावे. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतू नये आणि आतही ते पूर्ण गार झाल्याशिवाय घालू नये.

सगळे बदलून झाल्यावर कूलंट भरणे हे शेवटचे, पण घाईने बिघडणारे काम आहे. हीटरची कळ गरमवर ठेवावी, गाडीचे नाक शक्य असेल तर थोडे उंचावर घ्यावे, आणि हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करून मिश्रण अगदी हळू ओतावे. झाकण उघडे ठेवूनच गार इंजिन चालू करावे, थर्मोस्टॅट उघडून पातळी खाली जाईल तसतशी भर घालावी, आणि बुडबुडे थांबले की झाकण लावावे. पंखा दोनदा स्वतःहून लागून बंद होईपर्यंत काट्याकडे पाहत थांबावे. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. आत अडकलेली हवा रात्रीतून वर आलेली असते आणि पाव-अर्धा लिटर कमी भरले तर ते स्वाभाविक आहे. तिसऱ्या आणि चौथ्या सकाळीही पातळी उतरतच राहिली, तर हवा नव्हे, गळती शोधायची आहे.